बँकेचे दात पाहाले गेलो

माहा धंदा गुरायच्या बाजारात दलालीचा. शाया मी बाहेरून पाह्यली, तेही तिच्या भितीच्या सावलीत बैल बांधाले बरं पडे म्हून. सही येत नाई, आंगठा देतो. पन बैलाचे दात पाहून त्याचं वय सांगतो, अन् मालकाचं तोंड पाहून बैलाची खोड सांगतो. डोणगावचे, पिंपळगाव राजाचे गिऱ्हाइक मले हुडकत येत. म्हनत, "दलाल, तुमी हात लावला का आमी डोये झाकून घेतो." हे आयकून आयकून मी फुगलो. फुगलेल्या मानसाले टोचाले काई दाभन लागत नाई, बोराटीचा काटाही पुरते.

हे मी बोलून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. ते बारावी शिकली. पोरगा ट्रकवर असते, महिन्यातून दोनदा घरी येते, म्हून घरातला शिकेल मानूस म्हंजे तेच. ह्या गोष्टीत मधात तिचं एक बोलनं येते. ते आलं का ते लिहनं थांबवून माह्याकडे पाहीन, हे मले आताच माहीत हाये.

गोष्ट माह्या मोठ्या बहिनीच्या पैशाची हाये. तिले मी बाई म्हनतो, ते मले बापू म्हनते. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाई, तवापासून ते माह्याच घरी मागच्या खोलीत राह्यली. मागची खोली म्हंजे एका आंगाले तिची खाट अन् दुसऱ्या आंगाले कुटाराचे पोते. बैलाले कुटार टाकाचं म्हनलं का कोनीही दार ढकलून आत जाये. बाई झोपेल असो का लुगडं बदलत असो. "बाई, सरक वो जराशी," असं म्हनलं का झालं. मीच म्हनत जाओ.

बुलढाण्याले पोरीयच्या वसतिगृहात ते सैपाकाले होती. सकायच्या पयल्या आटोत जाये अन् दिवस बुडता येये. तीस वरसं तिनं लोकायच्या पोरीयच्या पोया लाटल्या. ते काम सुटलं तवा संस्थेनं देलेले अन् तिनं मांग टाकलेले धरून तिच्याजोळ चार लाख रुपे झाले. देऊळघाटच्या रस्त्याले, विहाराच्या मांगं, तिनं आधीच एक लायनीशी जागा घेऊन ठेवली होती. तिथं तिले एक खोली बांधाची होती. स्लॅबची.

"बापू," ते म्हने, "मले माहं दार पायजे. आतून कडी लावीन. कोनी आवाज देला अन् माह्या मनात आलं तं उघडीन, नाई तं नाई."

साठीतल्या बाईची एवढीच हौस. जागेची मोजनी अडकली होती, म्हून तवरक चार लाख बँकेत ठेवले, एका वरसाच्या मुदतीनं. बँक इकडचीच, आपल्या भागातली. बाईचा पगार तिथंच जमा होये, म्हून पैसेही तिथंच ठेवले. बँकेचं नाव मी घेत नाई. नाव घेऊन पैसे येत असते तं रोज सकायी जपलं असतं.

आठ महिने झाले असतीन. बाजारात हवा सुटली का बँकेनं एका कापसाच्या जिनिंगवाल्याले लय मोठं कर्ज देलं, अन् जिनिंग तं बंद पडली. त्या वरसी इकडे दोन-तीन पतसंस्था आधीच बसल्या होत्या. लोकं भेलेले होते. कोनी खोकललं तरी लोकं पासबुक पाहात.

मी तं जल्मापासून शंकेखोर. धंदाच तसा. बाजारात जो मानूस म्हनते "बैल गरीब हाये," त्याचा बैल लाथ मारते. मी घरी आलो अन् बाईले म्हनलं, "बाई, पैसे काढ."

"मुदत संपाले चार महिने हायेत. आता मोडली तं व्याज जाईन."

"व्याजाले काय करते? गाय मेल्यावर शेनाचा हिसाब करते का तू?"

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो. लाईन रस्त्यावरक आली होती. दोन घंट्यानं आमचा नंबर लागला तं कॅशियर म्हने, "आज एवढी रोकड नाई. सोमवारी या." सोमवारी गेलो तं म्हने, "गुरवारी या." गुरवारी बाई म्हने, "मी काई आता येत नाई बापू. माहे पाय दुखतात. कागद हाये माह्याजोळ. मुदत संपली का देतीन."

त्या संध्याकायी सून भाकरी टाकत होती. तिनं तव्यावरून मान न उचलता म्हनलं, "मामाजी, बँक बुडली तरी ठेवीले विमा असते. पाच लाखापर्यंत. आत्याबाईचे चार हायेत. तुमी काईच करू नका, चुपचाप बसा."

हे पाहा, थांबली. म्हनलं होतं ना. लिही, सूनबाई, लिही.

मी हासलो तिच्यावर. विम्याचं मले माहीत होतं. माही म्हैस होती, पयल्या वेताची. तिचा विमा काढला, तिच्या कानात बिल्ला ठोकला. म्हैस साप चावून मेली. त्याच्या आधी कवातरी तिचा बिल्ला कुठल्यातरी झुडपात अटकून पडला होता. विमेवाला आला, म्हशीचा कान पाह्यला, म्हने, "बिल्ला नाई तं म्हैस तुमची नाई." मी म्हनलं, "साहेब, मंग हे मेलेली कोनाची हाये, अन् रडून कोन राह्यलं?" त्यानं ते कागदावर लिहलं नाई. तवापासून विमा म्हनलं का मले कानच दिसे. सुनेले म्हनलं, "बँक मेल्यावर तुह्या आत्याबाईचा कान पाहाले येतीन."

ते म्हने, "हासा तुमी."

चार दिवसानं बँकेचा एक डायरेक्टर आमच्या घरी आला. हा मानूस परका नव्हता. ह्याचा बाप गुरायचा मोठा दलाल होता, अन् मी त्याच्याच हाताखाली दलाली शिकलो. ह्याले मी लायनपनी बैलावर बसवून फिरवलं होतं. पुढं तो शिकला, सिमेंटचं दुकान टाकलं, बँकेत निवडून आला. पांढऱ्या गाडीतून उतरला, बाईच्या पाया पडला, माह्याही पडला. पाया पडनारा मानूस मले आवडत नाई. बैलाच्या पाठीवर हात फिरवनारा मालकही आवडत नाई.

"काका," तो म्हने, "बँकेचं काईच बिघडलं नाई. फक्त भांडवल कमी पडून राह्यलं. वरून सांगतलं का भांडवल वाढवा. म्हून आमी आपल्या आपल्या ठेवीदारायले म्हनून राह्यलो, ठेव मोडून तिचे शेअर घ्या. बँक उभी राहीन, अन् तुमीच मालक व्हान."

"अन् उभी नाई राह्यली तं?"

"काका, घराले आग लागली तं सामान आधी कोन काढते? पाहुना का मालक? ठेवीदार म्हंजे पाहुना. शेअरवाला म्हंजे मालक."

हे मले पटलं. आता वाटते, एवढं सोपं कारन देनाऱ्याले तिथंच पानी पाजून वाटेले लावाले पायजे होतं. पन मी शंकेखोर मानूस, मी एकदम हो म्हनलं नाई. म्हनलं, "आधी मले बँक पाहू दे."

बैल घेताना आमची रीत अशी. बाजारात बैल पाहू नाई. बाजारात त्याले धुतलेलं असते, शिंगं रंगवलेले असतात, कोनी कोनी तं गूय खाऊ घालून आनते. बैल पाहाचा तं मालकाच्या गोठ्यावर, न सांगता, सकायी सकायी. चारा खाते का, पानी पेते का, बसून रवंथ करते का. रवंथ करनारा बैल आजारी नसते, हे मी शंभर लोकायले शिकवलं.

तं मी तसाच, बाजाराचा दिवस सोडून, बँक उघडाच्या टाइमाले जाऊन बसलो. कोनाले सांगतलं नाई. बाकड्यावर बसून दोन घंटे बँक पाह्यली. शिपायानं फरशी पुसली, चांगली दोनदा. बचत गटाच्या चार बाया आल्या अन् पैसे भरून गेल्या. एका किरान्यावाल्यानं थैली भरून नोटा आनल्या, मशीनीतून फरफर मोजल्या. म्यानेजरनं चहा पेला, बशीतून, निवांत. मले इचारलं, "काका, काई काम?" मी म्हनलं, "काई नाई, उन्हाचं बसलो." त्यानं मलेही चहा देला.

मी मनात म्हनलं, खाऊ राह्यली, पेऊ राह्यली, रवंथ करू राह्यली. बँक निरोगी हाये.

मले कोन सांगाव का बैलाचं दुखनं बैलातच असते. बँकेचं दुखनं त्या फरशीवर नव्हतं, त्या चहात नव्हतं. ते तिथून कोसभर दूर बंद जिनिंगच्या गेटवर कुलपात होतं. मी गोठाच चुकीचा पाह्यला. त्या कुलपापुढून मी आठवड्यातून दोनदा जाओ, अन् गेटाशी शेळ्या बसलेल्या पाहून म्हनत जाओ का सावली चांगली हाये.

दोन दिवसानं डायरेक्टर पुन्हा आला. बाई अंगनात तांदूय निवडत होती. मी त्याले ओट्यावर बसवलं अन् म्हनलं, "भाऊ, कागदाचं मले कयत नाई. तू दलालाचा पोरगा हायेस. हात दे."

आता हे हाताचं सांगतो. गुरायच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाईत. दोघं हात मियवतात, वरून रुमाल टाकतात, अन् बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूले शंभर लोकं उभे असले तरी कोनाले कयत नाई. अन् रुमालाखाली जे ठरलं ते ठरलं. मंग बैल दाराशी नेऊन मेला तरी दलाल मांगं सरत नाई. मी माह्या डोयानं एका दलालाले बायकोच्या पाटल्या मोडून शब्द पुरा करताना पाह्यलं. तो दलाल म्हंजे ह्याचाच बाप.

पोरानं गयातला रुमाल काढला, हातावर टाकला. चार बोटं दाबले. चार लाख. मंग तोंड माह्या कानाशी आनून म्हने, "काका, बँक हालली तं बाईचे शेअर मी सोता घेतो. पैसे माह्या घरून देतो." अन् पुरी मूठ दाबली. त्याचा हात गरम होता. बापाचाही असाच गरम राहे.

सून दारात उभी होती. म्हने, "काय ठरलं ते लिहून घ्या मामाजी."

मी म्हनलं, "रुमालाखालचं लिहून घेतलं तं रुमाल कायले पायजे?"

बाईनं तांदयातून हात काढला. "चारातले तीन ने," ते म्हने. "एक राहू दे तिथंच ठेवीत."

"काऊन? मालकच होऊन राह्यलो तं पुरे होऊ ना."

"एक राहू दे बापू, तुह्या हुशारीच्या बाहेर."

मले राग आला होता तवा. एका लाखावर इस्वास नाई म्हंजे माह्यावर इस्वास नाई, असं मी तिले दोन दिवस बोलून दाखवलं. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन तिनं सह्या केल्या. हयूहयू, एकेक अक्षर लाटल्यासारकं. मी साक्षीदार म्हून आंगठा देला. ठेव मोडाले गेलो तवा दोन चकरा मारून पैसे भेटले नव्हते. शेअर घ्याले गेलो तं पंधरा मिनिटात काम झालं. तवा तरी मले कयाले पायजे होतं. जो मालक बैल सोडाले घाई करते त्याच्या बैलाले पुन्हा पाहाव, हे माहंच वाक्य हाये.

मंग दीड महिनाच गेला. एक दिवस सकायी बँकेच्या दारावर कागद लागला. लोकं जमले. कोनीतरी वाचून सांगतलं का बँकेवर बंदी आली, आता पुढचा हुकूम येईपर्यंत थोडेसेच पैसे काढता येतीन, कर्ज बंद, नवी ठेव बंद. बाया रडाले लागल्या. एक भाजीवाला गटारीच्या काठावर बसला अन् उठेच ना.

अन् मी काय केलं? मी त्या गर्दीत पायरीवर चढलो. मले लोकायले हासवाची सवय. म्हनलं, "अरे रडता काऊन? पाहुनेहो, घाबरू नका! मालक उभे हायेत ना इथं!" चार लोकं हासलेही. भाजीवाला वर पाहून म्हने, "कोन मालक बे?" मी छातीवर हात ठेवला.

दोन आठवड्यानं बँकेत फॉर्म भरून घेनं सुरू झालं. मांडव टाकला होता, टेबल होते. मी बाईले घेऊन गेलो. एक तरुन साहेब ओरडून सांगे, "ठेवीदारांनी आधार कार्ड अन् पासबुक घेऊन लाईनीत या. पाच लाखापर्यंतची रक्कम विम्यातून भेटीन. शेअरवाल्यायनं बाजूले व्हा."

मी बाईचा हात धरला अन् बाजूले झालो. मले वाटलं, मालकायले येगयी खुर्ची देतात. आमी बाजूले उनात उभं राह्यलो. एक घंटा झाला. मांडवात पंखा होता. मी त्या साहेबाजोळ जाऊन म्हनलं, "साहेब, आमचं कवा? आमी शेअरवाले."

तो वाईट नव्हता. त्यानं बाईचे कागद पाह्यले, दोनदा पाह्यले. मंग हयू आवाजात म्हने, "मावशी, हे एका लाखाची ठेव हाये, तिचे पैसे तुमाले व्याजासकट भेटतीन. हे तीन लाखाचे शेअर हायेत. शेअरले विमा नसते."

"पन आमी मालक हाओ ना," मी म्हनलं.

"म्हूनच तं, काका. मालकाले सगयात शेवटी. सगयायचं देऊन काई उरलं तं."

"उरते का?"

त्यानं बाईकडे पाह्यलं, माह्याकडे नाई. म्हने, "फॉर्म भरा मावशी. एका लाखाचा तरी भरा."

बाईनं फॉर्म भरला. घरी येताना आटोत ते एकच वाक्य बोलली, "सूनबाईले सांगू नको आजच. ते जेवनार नाई." मी सांगतलं नाई. सुनेनं माहं तोंड पाहून ओयखलं. तोंड पाहून खोड ओयखनं आमच्या घरात मले एकट्यालेच येत नाई.

तीन महिन्यानं लोकायचे पैसे खात्यात आले. खरंच आले. कोनी कोनाचा कान पाह्यला नाई. तो भाजीवाला, जो गटारीच्या काठावर बसला होता, त्याले त्याचे दोन लाख पुरे भेटले. तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. मले म्हने, "घ्या मालक." मी पेढा घेतला. गोड होता. बाईच्याही खात्यात तिचा एक लाख आला.

जो मानूस काईच हुशारी न करता भेऊन बसून राह्यला, त्याचं वाचलं. मी बँकेवर शंका घेतली, विम्यावर शंका घेतली, शिकेल सुनेवर शंका घेतली. एका रुमालावर घेतली नाई.

मंग मी डायरेक्टरच्या घरी गेलो. रस्त्यानं जाताना शिव्या जुयवत गेलो, चांगल्या निवडक, त्याच्या बापाजोळूनच शिकलेल्या. दारात पांढरी गाडी नव्हती. तो बनियनवर बसला होता, दाढी वाढलेली. मले पाहून उठला.

"काका, बसा."

"बसाले आलो नाई. हात देला होता तू."

"देला होता," तो म्हने. "मी नाई म्हनत नाई. कोनी इचारलं तं चारचौघात सांगतो का देला होता."

"मंग?"

"काका, माहे सोताचे अकरा लाख त्याच शेअरात हायेत. बाबाचं घर गहान हाये. वरून चौकशी लागली. दुकान काल बंद केलं." मंग त्यानं दोन्ही हात माह्यापुढं उघडे केले, रुमालाबिगर. "सांगा, ह्यातून काय काढून देऊ?"

त्याची बायको पानी घेऊन आली. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, निस्त्या. पाटल्याचं मले जे म्हनाचं होतं ते मी म्हनलं नाई.

लबाड निंगाला असता तं बरं झालं असतं. पन तो बेकूबच निंगाला, माह्यासारका, फक्त शिकेल. त्यालेही वाटलं होतं का बँक रवंथ करू राह्यली. जुयवलेल्या शिव्या मी तशाच घरी घेऊन आलो. बाजारातही कोनाले सांगता येत नव्हतं. रुमालाखालचं जो दलाल चव्हाट्यावर आनते त्याचा हात पुन्हा कोनी धरत नाई. चाळीस वरसं मी हे लोकायले अभिमानानं सांगतलं. आता तोच अभिमान माह्या तोंडावर बसला, अन् उठता उठेना.

घरी बाई मेथी निवडत होती.

"देते का तो?"

"नाई."

"त्याच्याजोळ हायेत का?"

"नाईत."

"मंग तू काऊन रडून राह्यला? पैसे माहे गेले."

मी म्हनलं, "बाई, समोरची खोली तू घे. माही खाट मी कुटारात नेतो. दाराले आतून कडी बसवून देतो, आजच."

तिनं मेथीची काडी मोडली. "बापू, तुह्या घरात तीस वरसं राह्यली मी. आता तुह्या घरातली दुसरी खोली देऊन राह्यला तू मले. खोली तुहीच ना ते?" मंग म्हने, "एक लाख हाये. एका लाखात काय होते?"

"स्लॅब होत नाई."

"स्लॅबचं मी इचारलं का?"

"पत्र्याची होईन. जर वीटकाम मी केलं, अन् पत्रे जुने घेतले तं."

"जुने कायले? नवे घे. त्यातही हुशारी करू नको."

गेल्या थंडीत आमी ते खोली बांधली. मोजनी झालीच होती. गवंडी दोनच दिवस लावला, बाकीचं मी केलं, म्हून एक भित जराशी पोटावर आली. सून इटा देये. खोली बारा बाय दहाची. दार मात्र बाईनं सागाचं घेतलं, पत्र्याच्या खोलीले न शोभनारं. आतून दोन कड्या. खोलीत गेल्या दिवशी तिनं दार लावलं अन् मी बाहेरून आवाज देला, "बाई, उघड." तिनं उघडलं नाई. मी पंधरा मिनिटं उभं राह्यलो अन् घरी आलो.

हातात काई उरलं नाई, म्हून ते पुन्हा दोन घरी पोया लाटाले जाते. त्या वयात. मी म्हनतो, "मी दलालीतून महिन्याले देतो." ते म्हनते, "दे." देतो. पन दलाली आता पयल्यासारकी राह्यली नाई. बैलाचे दात पाहातो अन् दोनदा पाहातो, तिसऱ्यांदा पाहातो, मंग गिऱ्हाइक म्हनते, "राहू द्या दलाल, आमी दुसऱ्याले दाखवतो." परवा एकानं बाजारात इचारलं, "काका, नवी एक संस्था आली, व्याज चांगलं देते, टाकाव का?" मी म्हनलं, "मले इचारू नका. माह्या सुनेले इचारा, अन् ते काय म्हनीन ते आयकून गुमान बसा." तो हासला. त्याले वाटलं मी नेहमीसारका हासवून राह्यलो.

बँकेचे शेअरचे कागद बाईजोळ हायेत. वरसाले एक चिठ्ठी येते, सभेले या म्हून. बाई चिठ्ठी वाचून घेते सुनेकडून, अन् घडी करून डब्यात ठेवते. एकदा मी म्हनलं, "जाऊ का सभेले?" ते म्हने, "पोया कोन लाटीन?"

आता उन्हाया लागला. दुपारी पत्रा असा तापते का आत भाकर ठेवली तं कडक होते. बाई खोलीत बसते तरी. लिमाखाली बस म्हनलं तं म्हनते, "लीम विहाराचा हाये." म्हून मी रोज बारा वाजता जातो, शिडी लावतो, पत्र्यावर गोनपाट टाकेल हाये ते बादलीनं भिजवतो. माहे गुडघे आता चढाचे राह्यले नाईत. चार बादल्या लागतात. पयली बादली ओतली का पत्रा फुसकन वाफ सोडते.

काल तिसऱ्या बादलीले पाय सटकला. पडलो नाई, शिडी धरली. बाईनं आतून आवाज आयकला. दोन कड्या निंगाल्याचं मले वरून आयकू आलं. ते दारात आली, डोयावर हात धरून वर पाह्यलं.

"सांभायून रे बापू," ते म्हने. "तिथून पडशीन, अन् तुहा दवाखान्याचा खर्चही माह्याच आंगावर येईन."

मी म्हनलं, "चौथी बादली दे."

तिनं देली.